सहा मिनिटं, पाच कप

पहाटे सव्वापाचला उठा. रविवार असेल तर बरं, हिवाळ्यातला असेल तर आणखी बरं. क्रांती चौकाजवळ राहणाऱ्यांच्या वाट्याला शांतता येते ती एवढ्याच वेळात. सहानंतर जालना रोड कुणाचं ऐकत नाही. आत्ता उड्डाणपूल रिकामा आहे. रात्रभर धावून आलेली एखादी ट्रॅव्हल्स वरून जाते, तिचा आवाज बराच वेळ रेंगाळतो आणि मग बराच वेळ काहीच ऐकू येत नाही. खाली महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याभोवतीचे दिवे अजून चालू आहेत.

स्वयंपाकघरात जा, पण गॅस पेटवू नका. हाताला सवय असते. पातेलं, पाणी, साखर, पत्ती, आलं ठेचायचा बत्ता, ही सगळी डोळे मिटून होणारी कामं. आज ती आपोआप होऊ द्यायची नाहीत. पाच कप काढा. एकाच सेटमधले नसले तरी चालतील, पण आतून पांढरे हवेत. पाच बश्याही काढा. आज त्या आधी झाकण म्हणून लागतील आणि नंतर बशी म्हणून.

आता बसा. दोन-चार मिनिटं नुसते बसा. मग स्वतःला विचारा, आजवर किती कप चहा घेतला असेल? दिवसाला तीन धरले तरी वर्षाला हजाराच्या वर जातात. पन्नाशीच्या माणसाचे तीस-चाळीस हजार सहज झाले. त्यांतल्या एका तरी कपाची चव सांगता येईल?

मला नाही आली सांगता. मला आठवला आजोळचा पितळी स्टोव्ह आणि त्याला पिन मारणारी मामी. दवाखान्याच्या पायऱ्यांवर रात्री दोन वाजता कुणीतरी हातात ठेवलेला कागदी कप आठवला. मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांपुढचा ट्रे आणि त्या ट्रेवरून माझी न हटणारी नजर आठवली. चहा कुणी दिला, कुणाबरोबर घेतला, कुठल्या घरात विचारलासुद्धा नाही, हे सगळं लख्ख आठवतं. चहा कसा होता ते मात्र आठवत नाही. ‘कडक’, ‘मस्त’, ‘पांचट’, ‘जरा गोडच झाला’, इथं आपले शब्द संपतात. ‘चहापाणी’, ‘या चहाला’, ‘निदान चहा तरी घेऊन जा’ अशी आपली बोली चहाभोवती घोटाळते आणि कपापाशी येऊन मुकी होते.

आजचा तासभर त्या मुकेपणासाठी.

पाण्यापासून सुरुवात करू, कारण कपात नव्याण्णव भाग तेच असतं. दोन ग्लास घ्या. एकात नळाचं पाणी, म्हणजे पैठणहून, जायकवाडीच्या नाथसागरातून चढत आलेलं. ते काही दिवसांआड येतं, म्हणून आपण भरून, झाकून ठेवलेलं असतं. दुसऱ्यात सोसायटीच्या बोअरचं पाणी, काळ्या खडकाच्या भेगांतून वर आलेलं. दोन्ही खिडकीशी धरून पाहा. काही फरक दिसणार नाही. एक एक घोट घ्या. आता जिभेला थोडं कळेल. बोअरचं पाणी किंचित जड लागतं, ते घशाखाली उतरायला वेळ घेतं.

मी एकदा एकच पत्ती दोन्ही पाण्यांत मुरवली. नळाच्या पाण्यातला रंग तांबूस, उजळ आला. बोअरच्या पाण्यातला कप गढूळ, काळसर दिसला, आणि निवताना त्यावर पातळ तवंग धरला. तो तवंग तेलाचा नसतो, पत्ती वाईट असल्याचीही खूण नसते. पाण्यातलं कॅल्शियम, बायकार्बोनेट आणि चहातली द्रव्यं हवेशी मिळून तो तयार होतो. त्या कपात लिंबाचा एक थेंब टाका, तवंग विरतो आणि रंग डोळ्यांदेखत फिका होतो. चार वर्षं मी एका बिचाऱ्या दुकानदाराला ‘तुमच्या पत्तीत काहीतरी आहे’ म्हणून ऐकवत होते. जे काही होतं ते माझ्या टाकीत होतं.

तेव्हा आज नळाचंच पाणी घ्या. ताजं घ्या, एकदा उकळून गार झालेलं नको. ते गॅसवर ठेवा आणि तुमचं लक्ष तिकडे असू द्या. आधी तळाशी मोहरीएवढे बुडबुडे धरतात. मग कडेनं बारीक सळसळ सुरू होते. मग आवाज वाढतो आणि उकळी फुटायच्या क्षणी तो अचानक खाली येतो. तो आवाज खाली आलेला ऐका. आपलं शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटर उंचावर आहे, त्यामुळे इथं पाणी शंभरला नाही, ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. दार्जिलिंग दोन हजार मीटरवर, तिथं ९३ ला. म्हणजे तिथली पत्ती तिच्या घरी इतक्या गरम पाण्याला कधी भेटतच नाही.

गॅस बारीक करा. आता पत्त्या.

पाच वाट्यांत पाच प्रकार मांडा. मी माझे आदल्या दिवशी जमवले होते. क्रांती चौकातून सिल्लेखान्यावरून पैठण गेट आणि तिथून गुलमंडी. डब्यातून काढून, तागडीत तोलून, कागदाच्या पुडीत सुटा चहा देणारी दुकानं अजून त्या बाजूला सापडतात. एक, पिशवीतला चहा, पंचवीस पिशव्यांच्या खोक्यातला. दोन, सुटी बारीक पत्ती, जिला हॉटेलवाले डस्ट म्हणतात. तीन, दाणेदार पत्ती, घरोघरी असते ती. चार, आसामची लांब पानाची. पाच, दार्जिलिंगची, दुसऱ्या बहराची, मे-जूनमध्ये खुडलेली. ही शेवटची गुलमंडीत मिळाली नाही, बाहेरून मागवावी लागली. मागवताना किंमत बघून मी नवऱ्याला सांगितली नाही.

पिशवीचा दोरा कापा, कागद उलगडा. वाफाळत्या पाण्यात न फाटणारा हा कागद बहुधा अबाका नावाच्या केळीच्या जातीतल्या झाडाच्या धाग्यापासून करतात. पिशवी दोन पदरी आहे. ही दुहेरी पिशवी भरणारं यंत्र आडोल्फ राम्बोल्ड या जर्मन माणसानं १९४९ मध्ये बाजारात आणलं. दोन पदरांमुळे पाणी चारी बाजूंनी आत शिरतं. पिशवीची कल्पना त्याहून बरीच जुनी आहे. अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या रॉबर्टा लॉसन आणि मेरी मॅक्लारेन या दोघींनी १९०१ मध्ये कापडी जाळीच्या चहापिशवीसाठी पेटंटचा अर्ज केला होता. किटलीभर चहा करून उरलेला ओतून द्यावा लागतो, तर कपापुरताच का करू नये, एवढंच त्यांचं म्हणणं. काटकसरी बायकांचं म्हणणं. नावलौकिक मात्र पुढे १९०८ च्या एका व्यापाऱ्याच्या गोष्टीला मिळाला.

आतली पूड तळहातावर घ्या. रव्यापेक्षा बारीक. आता दोन नंबरची पत्ती दुसऱ्या तळहातावर. फारसा फरक नाही ना? पिशवीत भरतात ती चाळणीतून खाली आलेली बारीक पत्तीच. लगेच नाक मुरडू नका. ‘चाळण’ म्हटलं की आपण ‘केरकचरा’ ऐकतो, पण तोही त्याच पानाचा तुकडा आहे. फक्त लहान आहे, म्हणून घाईत आहे.

दाणेदार पत्ती बोटांत फिरवून बघा. पानाचे असे गोळे कसे झाले? १९३० मध्ये आसामातल्या आमगुरी बागेत विल्यम मॅककर्चर नावाच्या माणसानं दातेरी रूळांचं यंत्र बनवलं. कमीजास्त वेगानं फिरणाऱ्या दोन रूळांत सापडून पान चिरडतं, फाटतं आणि वळतं. त्या तीन इंग्रजी क्रियापदांची आद्याक्षरं म्हणजे सीटीसी. आपल्या देशात तयार होणारा बहुतेक चहा आज असाच होतो. चिरलेलं वांगं पाण्यात टाकलं नाही तर काळं पडतं ना, चहाच्या पानाचं काळं होणंही त्याच जातीचं. जितकं जास्त फाटेल तितकं लवकर काळं.

चौथ्या वाटीत काळ्या, पीळ दिलेल्या काड्या आहेत, मधूनमधून सोनेरी टोकं. पाचव्या वाटीत हिरवट, तपकिरी, चंदेरी असं सगळं मिसळलेलं. नाक जवळ न्या. श्वास आधी वाटीत सोडा, मग ओढा. उबेनं वास जागा होतो. पहिल्या दोन वाट्यांना वास जवळजवळ नाहीच, कागदाचा आणि धुळीचा तेवढा. तिसरीला आपल्या घरातल्या फडताळाचा वास आहे. चौथीला भाजल्या धान्याचा. पाचवीपाशी मी जरा थांबले. नाव आठवेना. लहानपणी मनुकांच्या डब्यात डोकं खुपसलं की यायचा, त्याच्या शेजारचा काहीतरी.

सुटी पत्ती घेतलीच आहे तर आणखी दोन खेळ करून बघा. ओल्या टिपकागदावर चिमूटभर पसरा, थोडं पाणी शिंपडा, पत्ती झटकून कागद उजेडाशी धरा. रंगाचे डाग उमटले तर वापरलेला चहा रंगवून पुन्हा विकलाय असं समजा. आणि लोहचुंबक फिरवा. लोखंडाचा कीस असेल तर चिकटून वर येतो. माझी पत्ती दोन्हींत उत्तीर्ण झाली. त्या दुकानदाराची मी मनातल्या मनात दुसऱ्यांदा माफी मागितली.

आता मोजा. दर शंभर मिलिलिटर पाण्याला दोन ग्रॅम पत्ती, मुरायला सहा मिनिटं. हे माप माझं नाही. चहा चाखण्यासाठी १९८० पासून आंतरराष्ट्रीय मानकच आहे, ‘आयएसओ ३१०३’ नावाचं. त्याच्या ब्रिटिश भावंडाला, कपभर चहा कसा करावा याच्या सहा पानी तपशिलाबद्दल, १९९९ मध्ये इग नोबेल हे थट्टेचं पारितोषिक साहित्य विभागात मिळालं. हसू येतं खरं, पण आपल्या आज्यांच्या ‘अंदाजानं घाल’ या मानकातून मी जे जे चहा प्यायले ते आठवून मी गप्प बसते. घरात काटा नसेल तर पिशवीचाच काटा करा. साध्या पिशवीत सुमारे दोन ग्रॅम पत्ती असते. तेवढंच वजन लांब पानाच्या पत्तीचं चमचाभरून वर जातं, हे डोळ्यांनी बघा. आपण चमच्यानं मोजतो म्हणून पानाचा चहा नेहमी पांचट होतो आणि दोष पानाला जातो.

पाणी पुन्हा खळखळू द्या. ओता. बश्या झाका. घड्याळ लावा.

सहा मिनिटं फार असतात. उठू नका, फोन उचलू नका. दार्जिलिंगला खरं तर तीनच मिनिटं पुरतात, पण ही परीक्षेची वेळ आहे, पाहुणचाराची नव्हे. सहा मिनिटांत पत्तीला जे लपवायचं असतं तेही बाहेर येतं.

पिशवीच्या कपावरची बशी जरा सरकवून बघा. रंग दोऱ्यासारखा खाली उतरतोय आणि तळाशी पसरतोय. मिनिटभरात कप लालभडक. पाचव्या कपात अजून पाणीच दिसतंय. बशी परत ठेवा.

या वेळात मी एका जुन्या कपाचा विचार करते. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा आला. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. कुणी चहा घेतला, कुणी मान राखायला नुसता हातात धरला. गोपाळराव जोश्यांनी नावं छापून आणली आणि पुण्यात ग्रामण्य माजलं. शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलं, प्रायश्चित्तं झाली. कोण प्यालं, कुणाच्या हातचं प्यालं, कुणी नुसतं तोंडाला लावलं, यावर महिनेच्या महिने शाई वाहिली. चहा कसा होता? मी या प्रकरणाबद्दल जिथं जिथं वाचलं तिथं हा प्रश्न कुणी विचारलेला मला भेटला नाही. आणि गावोगावच्या हॉटेलांत बाहेर, वळचणीला वेगळी ठेवलेली कपबशी, जी पिणाऱ्यानंच विसळून परत ठेवायची, तिच्यातल्या चहाची चव तर कोण कुणाला विचारणार? महाराष्ट्रात चहाचा कप चवीसाठी पुढे आलाच नाही, असं मला वाटायला लागलंय. तो आला तो माणूस कुठं बसणार हे ठरवायला.

आणखी एक आहे. कोरा चहा. पाचही कपांत आज दूध नाही, म्हणून मनात कुठंतरी खुपतंय का? मला खुपलं. आमच्याकडे मराठवाड्यात कोऱ्या चहाला ‘डिकाशन’ म्हणत. घरी डिकाशन झालं याचा अर्थ दूध संपलं, किंवा म्हैस आटली, किंवा महिनाअखेर आली, किंवा घरात कुणी गेलं. दुष्काळाच्या वर्षात गुळाचं डिकाशन. कोरा चहा कुणी हौसेनं घेत नव्हतं, तो वाट्याला येत होता. ज्या चवीला नड आणि सुतक चिकटलंय, ती चव शांतपणे चाखायला कोण बसेल? थोडा वेळ त्या खुपण्यापाशीच बसा. त्याला घालवू नका. वेळ झालीच आहे.

बश्या उचला. बशीच्या आतल्या बाजूला वाफ धरलीय, आधी तिचा वास घ्या. मग पत्ती गाळून घ्या, पण फेकू नका, त्या त्या बशीत काढून ठेवा. पाच कप ओळीनं. पिशवीचा आणि डस्टचा गडद विटकरी, जवळजवळ जुळे. दाणेदार तांबडा. आसामचा खिडकीच्या उजेडात तांब्याच्या घासल्या भांड्यासारखा. दार्जिलिंगचा पिवळसर, पिकल्या बाभळीच्या डिंकासारखा.

आता भुरका मारा. मोठ्यानं. चमच्यात थोडा चहा घ्या, ओठांशी आणा आणि हवेसकट ओढा. कोलकात्याच्या आणि गुवाहाटीच्या लिलावांसाठी चहा चाखणारी माणसं असाच आवाज करतात, कारण हवेबरोबर चहाचे तुषार जिभेभर पसरतात आणि वास घशाच्या मागून नाकात चढतो. माझे वडील बशीत चहा ओतून असेच भुरके मारायचे. आम्ही कॉलेजात गेलो तशी त्यांची लाज वाटू लागली. पाहुण्यांसमोर आई डोळे मोठे करायची. वडील बशी खाली ठेवून कपानं प्यायला शिकले, आणि मला नाही वाटत त्यानंतर त्यांना चहा पूर्वीसारखा लागला असेल. घरात एकटेच चाखणारे होते, त्यांना आम्ही गप्प केलं.

पहिला कप. जिभेवर आधी काय येतं बघा. कडू. मग लगेच गालांच्या आतून काहीतरी आक्रसतं, कच्चं केळं किंवा हिरडा खाल्ल्यासारखं. हा तुरटपणा. आपल्या सहा रसांत त्याला कषाय म्हणून मानाची जागा आहे. चहातली द्रव्यं लाळेतल्या प्रथिनांना धरतात, लाळेचा गुळगुळीतपणा जातो आणि तोंड कोरडं पडतं. म्हणजे तुरटपणा चवीइतकाच स्पर्शही आहे. तो कुठं जाणवतो ते शोधा. जिभेच्या कडेला, हिरड्यांवर, की टाळ्याला? पिशवीच्या कपात तो येतो आणि उभाच राहतो. त्याच्यामागून कुणी येत नाही.

दुसरा कप तसाच, पण दांडगा. डस्टला मधलं काही माहीत नाही. ती एकदम आत येते, चपला न काढता. कोरी पिणं ही तिच्याशी आणि स्वतःशीही जबरदस्ती आहे.

तिसऱ्या कपात थोडी उसंत आहे. दाणा मोठा म्हणून पाणी आत शिरायला वेळ लागला. कडवटपणा आहे, पण त्याच्या पोटात गोडसर काहीतरी आहे. पुन्हा एकदा भुरका मारून बघा, सापडतंय का.

मधे पाण्यानं चूळ भरा. थोडं थांबा. बाहेर बघा, उजाडायला लागलंय.

चौथा कप हातात धरा, लगेच पिऊ नका. जिथून तुम्ही बघताय त्या चौकाचं नाव क्रांती चौक का आहे ते आठवा. जून १८५७ मध्ये हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळातले शिपाई, मोमिनाबादेहून म्हणजे आजच्या अंबाजोगाईहून इथं आणलेले, इंग्रजांविरुद्ध उठले. उठाव दडपला गेला आणि त्यांतल्या कित्येकांना इथल्या काळ्या चबुतऱ्यापाशी मृत्युदंड दिला गेला. आता कपातल्या तांबड्या पाण्याकडे बघा. ते आसामचं आहे. आसामात हिंदुस्थानी माणसानं स्वतःचा चहाचा मळा लावला त्यात पहिलं नाव मणिराम देवान यांचं. सिंगफो लोकांकडे चहाची झाडं आहेत हे इंग्रजांना सांगणाऱ्यांत ते होते, आसाम कंपनीचे देवान होते, मग नोकरी सोडून त्यांनी जोरहाटजवळ सिनामारा इथं आपली बाग उभी केली. आणि १८५७ मध्ये, त्याच उठावाच्या धामधुमीत, अहोम राजाला गादीवर परत बसवण्याचा कट केला म्हणून ते कोलकात्यात पकडले गेले. २६ फेब्रुवारी १८५८ रोजी जोरहाटला त्यांना आणि पियली बरुआंना फाशी दिली. मणिरामांच्या बागा लिलावात एका इंग्रजाकडे गेल्या.

या चौकात मी चाळीस वर्षं राहते, चहा त्याहून जास्त वर्षं पिते, आणि या दोन गोष्टी एकमेकींना ओळखतात हे मला कपाकडे नीट बघायला लागेपर्यंत माहीत नव्हतं. आता प्या. भुरका नको, साधाच घोट घ्या. नाचणीसत्वाची आठवण येते का? चाखणारे ज्याला ‘माल्ट’ म्हणतात ते हेच, मोड आणून भाजलेल्या धान्याचं. तुरटपणा आहे पण तो कडेला उभा राहतो. घोट गेल्यावरही छातीत बराच वेळ ऊब राहते.

पाचवा. हा सगळ्यांत निवलेला आहे, आणि तेच बरं, कारण गरम असताना याचं काही कळत नाही. मनुका, पिकल्या द्राक्षाची साल, मागे किंचित लाकूड. २००४ मध्ये देशात पहिलं भौगोलिक मानांकन मिळालं ते या दार्जिलिंग चहाला. पण मला गंमत वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. या द्राक्षाच्या वासामागे मोठा वाटा किडीचा आहे. हिरवे तुडतुडे कोवळ्या पानातला रस शोषतात, झाड स्वतःला वाचवायला सुगंधी द्रव्यं तयार करतं आणि तोच वास पुढे कपात येतो. आपल्या कपाशीवर ज्यांच्यासाठी फवारण्यांवर फवारण्या होतात, त्याच भाऊबंदांतले हे तुडतुडे. कन्नड-फुलंब्रीच्या एखाद्या शेतकऱ्याला हे सांगून बघा. तो आधी हसेल, मग दर विचारेल.

बशीत काढून ठेवलेली ओली पत्ती आता बघा. पहिल्या दोन बश्यांत चिखल. तिसरीत फुगलेले दाणे. चौथी-पाचवीत पानं उलगडलीत. बोटानं एक सरळ करा. कडा दिसतील, करवतीसारखी बारीक दाती, मधली शीर. कुणीतरी हातानं खुडलेलं पान. किलोभर तयार चहाला चार-साडेचार किलो ओली पानं लागतात, दोन पानं आणि एक कळी अशी एकेक खुडून. ते पान जरा वेळ बोटावर राहू द्या.

आता दूध आणा. चांगलं तापवलेलं. पाचही कपांत एकेक चमचा घाला आणि पुन्हा पहिल्यापासून चाखा.

इथं सगळं उलटतं. पाचवा कप मेला. मनुका नाहीत, द्राक्ष नाही, गढूळ गरम पाणी. चौथा तग धरून आहे. तिसरा एकदम घरचा झाला. आणि मघाशी चपला न काढता आत आलेली ती डस्ट! दुधातल्या केसीननं तिच्या तुरटपणाला धरून खाली बसवलं, आणि आता ती दुधाच्या वर उठून दिसते, रंग गुलाबीसर बदामी, बाकी चव जशीच्या तशी. हिच्यात आलं घाला, वेलची घाला, साखर घाला, उकळून उकळून आटवा, ही हरत नाही. नाजूक पानाला या गर्दीत कुणी ऐकणार नाही. मग कोण वरचढ? मघाशी मी मनात लावलेला क्रम दुधाच्या एका चमच्यानं मोडला. पिशवी तेवढी दोन्ही वेळा मधेच राहिली. तिची काही चूक नाही. एकदा एका बऱ्यापैकी हॉटेलच्या खोलीत थर्मासमधल्या कोमट पाण्यात मी ती पंधरा मिनिटं बुचकळत बसले होते. कोमट पाण्यात कुठलीच पत्ती बोलत नाही.

कप विसळा. शाल घ्या आणि खाली उतरा.

चौकाच्या कडेला टपरी उघडलीय. पातेल्यात दूध, पाणी, साखर एकत्रच, त्यात डस्टची मूठ. उकळी वर येते, तो आच कमी करतो, खाली बसते, पुन्हा वर. एक रिक्षावाला म्हणतो, ‘एक चहा द्या’. त्याच्या शेजारचा म्हणतो, ‘दो चाय देना भाई, कड़क’. मराठीत तो चहा, दखनीत ती चाय. एकाच पातेल्यातून दोन लिंगांचा ओतला जातो आणि ओतणारा दोघांना आपापल्या भाषेत सुट्टे परत करतो. कागदी कप सगळ्यांना सारखे. मीही एक घेतला. भुरका मारला, मोठ्यानं. कुणी वळून बघितलं नाही. कडू, तुरट, आलं, दूध, भरपूर साखर, हे एकेक वेगळं ओळखू आलं, आणि तळाशी कोपऱ्यात, हो, पत्तीसुद्धा.

या टपरीपुढे पाचवा कप फिका, असं मी म्हणणार नाही. तसं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे, पण ते खरं नाही. माझा निकाल असा आहे. कोरा प्यायचा तर दार्जिलिंग, तीन मिनिटं, दूध बाटलीत राहू द्यावं. रोजच्याला दाणेदार आणि डस्ट तीनास एक मिसळून, गुलमंडीची, नळाच्या पाण्यात. आसामची पाव किलो घरात असावी, २६ फेब्रुवारीला तरी.

खोक्यातली एक पिशवी मी उलगडली, एक मुरवली. तेवीस उरल्यात. कुणाला हव्या असतील तर येऊन घेऊन जा.